ब्रेकच्या तेलाचे कूळ

हायड्रॉलिक ब्रेकच्या इतिहासातील ठळक टप्पे सर्वविदित आहेत. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो हा पास्कालचा सतराव्या शतकातील सिद्धांत, त्याच्या आधारावर जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये सिद्ध केलेले जलदाबयंत्र, तोच दाब मोटारीच्या चाकांपर्यंत नेण्याची माल्कम लॉकहीड याने केलेली तजवीज आणि 1921 साली विक्रीस आलेल्या ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना लाभलेले ब्रेक, एवढे सांगितले की वंशावळ पुरी झाली असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु ब्रेकच्या नळ्यांतून जे तेल खेळते त्याचे कूळ कोणते, हे विचारण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडत नाही. आणि ते विचारले, तर वाट थेट एरंडाच्या झाडाखाली, व तेथून चामड्याच्या मोटेपाशी जाऊन पोचते, असे माझे मत आहे.

आरंभीच्या काळात ब्रेकचे तेल म्हणून जे प्रचारात होते ते प्रामुख्याने एरंडेल व अल्कोहोल यांचे मिश्रण होय. एरंडेलच का निवडले गेले, याविषयी तीन तर्क संभवतात. पहिला विमानविद्येचा. माल्कम व त्याचा भाऊ हे विमाने बांधणारे. त्यांचे समुद्रविमान 1913 मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरावरून उडाले होते, आणि त्या काळी फिरत्या सिलिंडरांच्या विमान-इंजिनांना, पेट्रोलमध्ये सहजी न विरघळणारे म्हणून, एरंडेलच वंगण म्हणून घालीत. तर्क मोहक खरा. परंतु इंजिनातील वंगणाचे काम आणि नळीतून दाब वाहून नेण्याचे काम यांत इतके अंतर आहे की केवळ ओळखीच्या जोरावर एरंडेलाला ही सनद मिळाली असेल, हे पटत नाही. दुसरा तर्क रबराचा: खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, एरंडेलाने फुगत नाही. हे निर्विवाद सत्य आहे; मात्र लॉकहीडच्या मूळ रचनेत दट्ट्यावरच्या वाट्या रबराच्या नव्हत्याच, त्या कातड्याच्या होत्या. त्या गळत, म्हणून 1924 च्या आपल्या पहिल्या मोटारीसाठी क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्या जागी रबर आणले.

तेव्हा उरतो तिसरा तर्क, आणि मी त्याच्याच पक्षाचा आहे. ब्रामाच्या यंत्रातही दट्ट्याभोवतीची गळती थांबविली होती ती चामड्याच्या वाटीनेच. चामडे कोरडे पडले की आक्रसते व फाटते. ते मऊ राखण्यासाठी एरंडेलासारखे दुसरे तेल विरळा, ही गोष्ट कातडे कमावणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. आमच्या बारामती-इंदापूरच्या मुलखात, नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी शिवारात खेळू लागण्यापूर्वी, आणि जेथे ते पोचले नाही तेथे त्यानंतरही कितीतरी वर्षे, विहिरीवर मोट चाले; तिच्या चामड्याला आणि पायांतील वहाणांना एरंडेल चोळीत, बैलगाडीच्या आसालाही तेच घालीत. दाबाखालचे पाणी, ते अडविणारे चामडे आणि चामड्याला जिवंत राखणारे तेल हे त्रिकूट मोटारीहून पुष्कळ जुने आहे. म्हणून मी म्हणतो की एरंडेलाला ब्रेकमध्ये आणले चामड्याने. रबराने त्याला तेथे केवळ ठेवून घेतले.

या कथेचा दुसरा धागा तर इंदापूर तालुक्याच्या दाराशीच येतो. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ म्हणजे निष्फळ चर्वितचर्वण, असे आपण म्हणतो. परंतु ब्रेकच्या त्या जुन्या मिश्रणात एरंड तर होताच, आणि अल्कोहोल हे आपल्या देशात त्या काळी मुख्यत्वे साखर कारखान्याच्या मळीपासून निघत असल्यामुळे ऊसही अप्रत्यक्षपणे त्याच घराण्यातला ठरतो. ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाने आज याच तालुक्यातील वालचंदनगर ओळखले जाते आणि ज्यांनी 1930 च्या दशकात तेथे साखर कारखाना उभारला, त्यांनीच 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिने हातमिळवणी केली ती क्रायस्लरशी, म्हणजे कातड्याच्या जागी रबर बसविणाऱ्या त्याच कारखानदारांशी. पुढे फियाटशी करार होऊन जी मोटार घडली, तीच सत्तरीच्या दशकात पद्मिनी या नावाने घरोघर पोचली.

आता जे तेल मिळते त्यात एरंडेल नाही. अल्कोहोल थोड्या उष्णतेने उकळे आणि एरंडेल थंडीत दाट होई, म्हणून ग्लायकॉल-ईथरची तेले आली. डॉट 4 प्रतीचे ताजे तेल किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतील ओलावा शोषते, आणि त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की ही मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उकळलेल्या तेलाची वाफ हवेसारखीच दबते. पेडल खाली जाते, चाक मात्र थांबत नाही. म्हणून ठरावीक काळाने जुने तेल व हवा काढून टाकणे क्रमप्राप्त झाले.

हे काम ज्या निपलातून होते तो जाम का होतो, याविषयीही दोन पक्ष आहेत. एक बाहेरच्या चिखलपाण्याला दोष देतो, दुसरा आतल्या तेलाला. वस्तुतः निपलाचे टोक शंक्वाकृती असते व गळती थांबते ती त्या टोकाशी, आट्यांपाशी नव्हे; म्हणून घट्ट बसलेल्या निपलाच्या आट्यांपर्यंत आतले तेल पोचतच नाही. परंतु हवा काढून झाल्यावर पोकळीत व आट्यांत जो थेंबभर अंश मागे राहतो, तो टोपण नसेल तर पावसाळाभर हवेतील पाणी शोषीत बसतो, आणि पोलाद बिडाच्या आट्यांत गंजून रुतते. दोन्ही पक्षांचा समेट मला या थेंबात दिसतो.

पिंपळीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गॅरेजात पद्मिनीचा असा निपल सोडविताना मी पाहिला आहे. मिस्त्रींनी आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडला, गंज सोडविणारे तेल घालून ते मुरू दिले, मग निपलाच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके दिले, जेणेकरून शंकूची बैठक सुटावी. पोकळीत घट्ट बसणारी पोलादी काडी घातली, कारण पिळताना पोकळ निपल चेपून तुटतो. तोंडाचा पाना त्यांनी हाती धरला नाही. रिंग पाना लावून प्रथम तो केसभर आवळला आणि मगच सोडविला. “अण्णा, निपल तुटला तर सिलिंडरच नवा घालावा लागतो, घाई कामाची नाही,” एवढेच ते म्हणाले. नंतर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून आरंभ करून, नळीचे टोक बाटलीतील तेलात बुडवून, पोराने पेडल दाबून धरले असतानाच निपल उघडावा आणि पेडल सुटण्याआधी आवळावा, या क्रमाने बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली.

मोटेला तेल देणारा मनुष्य चामडे तडकण्याची वाट पाहत नसे. ते मऊ असतानाच तो तेल चोळी. नवे तेल त्या घराण्यातून फुटून निघाले असले, तरी घराण्याची ही शिस्त त्याला अधिकच लागू आहे: हवा काढून झाली की निपलाची पोकळी व आटे पुसून कोरडे करावेत, रबरी टोपण न चुकता बसवावे, आणि तेल दर दोन वर्षांनी बदलावे, म्हणजे निपलही तेवढ्या अवधीत हलता राहतो.