कोमल गंधार आणि सियालदह

मनाच्या दुखण्यावर संगीत हे औषध आहे, असे आपण सहज बोलून जातो. परंतु औषध म्हटले की मात्रा आली, पथ्य आले आणि अपायही आला. गाण्याने मन जसे निवते, तसेच ते व्याकूळही होते. हा दुहेरी गुण समजून घ्यावयाचा असेल, तर कलकत्त्याच्या सियालदह स्थानकाचा इतिहास पाहावा.

सियालदह म्हणजे कलकत्त्याचे पूर्व बंगालकडे उघडणारे दार. १८६२ साली येथून कुष्टियापर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि १८७१ मध्ये तो गोआलंदोला पोहोचला. ढाक्याकडचा प्रवासी तेथे आगबोटीतून उतरून गाडीत बसे. १९४७ च्या फाळणीनंतर याच वाटेने निर्वासित येऊ लागले. १९५० च्या दंगलींनंतर तर त्यांचा लोंढाच लोटला. कित्येक कुटुंबांनी फलाटावरच संसार मांडला. पुढे कोणी राणाघाटच्या कूपर्स छावणीत गेले, कोणी दंडकारण्यात. काहींच्या वसाहती आपल्या महाराष्ट्रात, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात उभ्या राहिल्या.

घर गेले, शेत गेले. बरोबर आली ती भाषा आणि गाणी. त्यांपैकी भटियाली हे नावाड्याचे गाणे. भाटा म्हणजे ओहोटी. नाव प्रवाहाबरोबर आपसूक चालली असता, वल्ह्याला विसावा देऊन, लांबविलेल्या स्वरांत एकट्याने म्हणावयाचे हे गीत. ज्याची नदीच सुटली, त्याच्या कानी हा स्वर पडला तर त्याचे सांत्वन होईल, की जखम उघडी पडेल?

हा प्रश्न जुना आहे. १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्याने परमुलखात घराच्या ओढीने झुरणाऱ्यांच्या विकाराला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. पुढे रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात लिहिले, की गुराख्यांची एक धून स्विस सैनिकांपुढे वाजविण्यास मनाई होती. ती ऐकून सैनिक रडत, सैन्य सोडून पळत. त्याचा निष्कर्ष मार्मिक आहे. सामर्थ्य त्या सुरावटीत नव्हते, ते तिने जागविलेल्या स्मृतीत होते.

अमेरिकेत महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी रुग्णालयांत संगीताचा उपयोग झाला आणि १९५० साली संगीतोपचार करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी सियालदहच्या फलाटावर माणसे दाटली होती. त्यांच्यासाठी असा कोणी उपचारक नव्हता. परंतु सिल्हेटचे हेमांग विश्वास आणि निर्मलेंदु चौधुरी यांनी नदीकाठची गीते कलकत्त्याच्या रंगमंचावर आणली. मूळचे ढाक्याचे ऋत्विक घटक यांनी १९६१ साली ‘कोमल गंधार’ हा चित्रपट काढला. त्यात पद्मेच्या काठी रूळ एकाएकी संपतात. नावाड्यांचा आर्त घोष चढत जातो आणि पडदा काळा होतो. पण त्याच चित्रपटात बंगालची जुनी विवाहगीतेही आहेत. तुटलेपणाचे दुःख सांगणारे सूर आणि मीलनाची आस धरणारे सूर तेथे शेजारी नांदतात. एकट्याने गिळलेले दुःख अशा रीतीने चारचौघांचे होते.

संगीताची मर्यादाही याच नगरीने पाहिली. हजारो गीते रचणारे काझी नझरुल इस्लाम १९४२ मध्ये व्याधिग्रस्त झाले आणि त्यांची वाणी हरपली. लुंबिनी पार्क मनोरुग्णालयात उपचार झाले, पुढे व्हिएन्नापर्यंत नेले गेले. तरी १९७६ मध्ये देहावसान होईपर्यंत ती वाणी परतली नाही. मेंदूचा रोग गाण्याने बरा होत नाही. तेथे वैद्यच हवा, आणि तो वेळेवर हवा.

मग गाण्याने साधते तरी काय? जात्यावर बसलेल्या आपल्या मायबहिणींना याचे उत्तर ठाऊक होते. ओवीने दळण कमी होत नसे आणि सासुरवासही सरत नसे. परंतु जे कोणापाशी बोलता येत नव्हते, त्याला ओवीत शब्द मिळत, लय मिळे, आणि जात्याच्या दुसऱ्या बाजूस ते ऐकणारे कोणी असे. निर्वासिताला गाण्याने घर परत दिले नाही. घरासाठी मोकळेपणी रडण्याची जागा मात्र दिली. मन सावरण्यास तेथूनच प्रारंभ होतो.