कोल्हापुरी चप्पल

कातडी तळ, दोन बाजूंचे कान, अंगठा आणि वर वेणी, एवढ्या ऐवजावर उभे असलेले हातबनावटीचे पादत्राण. हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत कमावलेले कातडे चामड्याच्याच वादीने शिवतात. अस्सल जोडाला खिळा लागत नाही. नवी असताना चप्पल चावते, मग पायाचीच होते.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत ‘प्राडा’ने हाच घाट मांडला, उगमाचे नाव मात्र गाळून. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य केले. कारागिराचे श्रेय असे भांडून मिळवावे लागावे, हे खटकतेच.

या चपलेच्या नावाला कायदेशीर संरक्षण देणारे २०१९ चे भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांना मिळून आहे.