रद्दीच्या वाटेवरचा इतिहास

सातारा जिल्ह्यातल्या औंधला टेकडीवर भवानी संग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारलं. राजा रविवर्म्याची चित्रं तिथे आजही पाहता येतात. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या नांद्रे गावी १९४० साली जन्मलेल्या राजा ढाल्यांनी पुढे मुंबईत 'येरू', 'तापसी', 'विद्रोह' अशी अनियतकालिकं काढली. त्यांच्या वाट्याला असं छप्पर आलं नाही.

बंडखोर कलेचा इतिहास बहुतेकदा अशा किरकोळ कागदांवरच टिकतो. १९४७ साली मुंबईत जमलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने १९४९मध्ये प्रदर्शन भरवलं आणि त्याच्या कॅटलॉगमध्ये सूझाने गटाची भूमिका मांडली. त्याच वर्षी सूझा लंडनला गेला, पुढच्या वर्षी रझा पॅरिसला. चित्रकार पांगले. त्या घडीला त्यांना काय म्हणायचं होतं, हे पाहायला तो कॅटलॉगच उघडावा लागतो.

मराठीतही तसंच झालं. १९५०च्या दशकात रमेश समर्थ, दिलीप चित्रे आणि अरुण कोलटकरांनी 'शब्द' काढलं ते सायक्लोस्टाइल करून. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचं, शाई फिरवायची. स्टेन्सिल झिजलं की प्रती संपल्या. १९६३ साली अशोक शहाण्यांचं 'असो' आलं आणि मग अनियतकालिकांची रांगच लागली. १९६९मध्ये ढाले आणि त्यांच्या मित्रांनी गिरगावात 'सत्यकथा'चा अंक जाळला. गंमत अशी, की 'सत्यकथा' दरमहा निघे, त्यामुळे जुन्या ग्रंथालयांत तिचे वर्षावर्षांचे बांधीव खंड सापडतात. जाळणाऱ्यांचे अंक मात्र मिळता मिळत नाहीत. ज्याला ठरलेला महिना नाही, त्याचा खंड बांधणार कसा?

यातल्या बऱ्याच कविता पुढे पुस्तकांत आल्या, मग अंक कशाला जपायचे? कारण पुस्तकात कवी एकटा असतो. अंकात त्याच्या शेजारी कोण छापलंय, किंमत किती, पत्ता कुठल्या चाळीतला, जाहिरात कोणी दिली, हे सगळं दिसतं. चळवळ म्हणजे हा शेजारच. खंड बांधताना मुखपृष्ठ आणि जाहिराती काढून टाकल्या, की तो शेजार जातो.

हा कागद स्वस्तातला. तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो. पिना गंजून पान खातात. सातारा-सांगलीकडच्या एखाद्या शिक्षकाच्या किंवा कार्यकर्त्याच्या घरी जुनी ट्रंक निघाली, तर पिना हलक्या हाताने काढाव्यात, पानांचा क्रम मोडू नये आणि अंक कोणाकडून, कुठे मिळाला हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवावं. महत्त्वाचं काय ते नंतर ठरवता येईल. रद्दीवाला तेवढा थांबत नाही.