अश्वत्थामा, असीरगडचा

महाभारतातील द्रोणपुत्र, कौरवांचा अखेरचा सेनापती आणि सात चिरंजीवांपैकी एक. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरच्या परिसरात मात्र तो पोथीतला कमी आणि पंचक्रोशीतला जास्त मानला जातो. शहराच्या उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर, सातपुड्याच्या रांगेत असीरगड आहे. गडावरच्या गुप्तेश्वर महादेवाची पहिली पूजा अश्वत्थामा करून जातो, तीही तांबडे फुटण्याआधी; दार उघडावे तर पिंडीवर ताजी फुले आणि गुलाल दिसतो, असे लोक सांगतात. जवळच्या तळ्यात तो स्नान करतो. वाटेत कुणी भेटले तर कपाळावरच्या जखमेसाठी तेल आणि हळद मागतो. त्याला पाहणाऱ्याला वेड लागते, अशीही भीती सांगितली जाते.

मूळ ग्रंथाने ज्याला रानोमाळ हाकलून दिले, त्याला पुढच्या काळात कुणी भक्त केले, कुणी वाटाड्या, कुणी ऋषी. एखाद्या पात्राचे नैतिक परिवर्तन लेखकाने नाकारले आणि वाचक-श्रोत्यांनी ते शतकानुशतके घडवून आणले, याचे इतके ठळक उदाहरण भारतीय कथाविश्वात क्वचित सापडेल.

या पात्राच्या ओळखीचा घोळ बालपणापासून आहे. द्रोणाच्या घरी दारिद्र्य इतके की इतर मुले दूध पिताना पाहून रडणाऱ्या या मुलाला पाण्यात कालवलेले पीठ दूध म्हणून पाजले गेले आणि तो आनंदाने नाचला. त्या अपमानातूनच द्रोण जुना मित्र राजा द्रुपद याच्याकडे गेला, तिथून हस्तिनापुरात आला, आणि ब्राह्मणाच्या मुलाच्या हाती शस्त्र आले. सौप्तिकपर्वात तो स्वतःच कबूल करतो की जन्म ब्राह्मणकुळातला असला तरी दुर्दैवाने आपण क्षत्रियाचा धर्म पत्करला आहे आणि आता मागे फिरणे नाही. कुणीतरी चढवलेला मुखवटा चेहऱ्याला चिकटून बसावा, तशी त्याची ही अवस्था आहे.

पुढे त्याचे नावच हत्यार झाले. माळव्याचा राजा इंद्रवर्मा याचा अश्वत्थामा नावाचा हत्ती भीमाने मारला आणि मुलगा मेल्याची आवई उठवली. युधिष्ठिराने ‘हत्ती’ हा शब्द तोंडातल्या तोंडात उच्चारला. द्रोणाने शस्त्र खाली ठेवले आणि धृष्टद्युम्नाने त्याचे शिर कापले. बाप मेला तो मुलाच्या नावाच्या हत्तीमुळे. सत्यवादी म्हणून नावाजलेल्या माणसाचा मुखवटा त्या दिवशी क्षणभर सरकला होता, ही गोष्ट पुढचे सगळे वाचताना विसरून चालत नाही.

अठरा पर्वांपैकी दहावे, सौप्तिक, हे आकाराने लहान आणि परिणामाने भयंकर पर्व आहे. मांडी मोडून पडलेल्या दुर्योधनाकडून सेनापतिपद घेऊन अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा रानात वडाखाली थांबतात. दोघे झोपतात, याला झोप येत नाही. अंधारात एक घुबड येते आणि झोपलेल्या कावळ्यांचा फडशा पाडते. त्यातून त्याला युक्ती सुचते. झोपलेल्यांना मारणे अधर्म आहे, सकाळपर्यंत थांब, असे मामा कृपाचार्य परोपरीने विनवतो. तो ऐकत नाही. पांडवांच्या छावणीच्या दारात एक महाभयंकर आकृती त्याची सगळी अस्त्रे गिळून टाकते. तेव्हा तो शिवाला शरण जातो आणि स्वतःचीच आहुती द्यायला निघतो. शिव प्रसन्न होऊन त्याला खड्ग देतो आणि त्याच्या अंगात प्रवेश करतो.

हा प्रवेश कथेतला सर्वांत अवघड सांधा आहे. त्या रात्री धृष्टद्युम्नाला लाथाबुक्क्यांनी तुडवून, शिखंडीला चिरून आणि द्रौपदीच्या पाचही मुलांना कापून काढणारा कोण होता, अश्वत्थामा की रुद्र? गावात ज्याच्या अंगात देव येतो, त्याच्या त्या वेळच्या बोलण्याचा जाब त्याला नंतर विचारत नाहीत. महाभारताने ही सवलत दिलेली नाही. संहार शिवाच्या बळावर झाला हे ते सांगते आणि शिक्षा अश्वत्थाम्यालाच देते. दारात उभे राहून पळणाऱ्यांना मारणारे आणि छावणीला आग लावणारे कृप आणि कृतवर्मा त्याच पापाचे भागीदार होते. तरीही कृपाचार्य पुढे पांडवांचा नातू परीक्षित याचा गुरू झाला. एकाच रात्रीचे गुन्हेगार, पण एकाला राजवाड्यात जागा आणि दुसऱ्याला रान. ग्रंथाने हा फरक ज्या कारणाने केला ते मात्र स्पष्ट आहे: अश्वत्थाम्याने अस्त्र गर्भावर सोडले.

पाठलाग करत आलेल्या पांडवांसमोर त्याने गवताची काडी मंतरून ब्रह्मशिर अस्त्र सोडले. ते माणसांवर वापरू नकोस, अशी ताकीद द्रोणाने त्याला देतानाच दिलेली होती. अर्जुनाने आपले अस्त्र मागे घेतले. याला ते जमले नाही, कारण त्यासाठी लागणारा संयम त्याच्याकडे नव्हता. मग त्याने ते पांडवांची सून उत्तरा हिच्या गर्भाकडे वळवले. याच पर्वात कृष्ण त्याची एक जुनी गोष्ट सांगतो. अश्वत्थामा एकदा द्वारकेला येऊन ब्रह्मशिराच्या बदल्यात सुदर्शन चक्र मागत होता. ‘घे’ म्हटल्यावर त्याने डाव्या हाताने, मग उजव्या हाताने उचलायचा प्रयत्न केला. चक्र हलले नाही. न पेलणाऱ्या शक्तीची हाव हा त्याच्या स्वभावाचा कणा होता आणि युद्धाच्या किती तरी आधी तो दिसून चुकला होता.

गर्भावर अस्त्र सोडल्याबद्दल मिळालेला शाप मात्र लोकांना वाटतो तसा नाही. सौप्तिकपर्वात कृष्णाने त्याला ३,००० वर्षे निर्जन प्रदेशात, कुणाशी बोलणे न होता, रक्त-पुवाच्या दुर्गंधीसह आणि सर्व व्याधींसह भटकायला सांगितले आहे. कलियुगाच्या अंतापर्यंतची मुदत ही नंतरची समजूत आहे. कपाळावरच्या जखमेचेही तसेच. महाभारतात तो आपल्या मस्तकावरचा मणी स्वतः काढून देतो. भीम तो द्रौपदीला नेऊन देतो आणि तिच्या इच्छेने युधिष्ठिर मस्तकी धारण करतो. तलवारीने केसांसकट मणी कापून काढल्याचा प्रसंग भागवताच्या पहिल्या स्कंधात येतो. तिथे अर्जुन त्याला बांधून द्रौपदीपुढे उभा करतो आणि मुले गमावलेली द्रौपदीच त्याला सोडायला सांगते: मी रडते तशी त्याच्या आईला रडायला लावू नका. असीरगडच्या वाटेवर तेल मागणारा अश्वत्थामा म्हणजे भागवतातली जखम, महाभारतातली भटकंती आणि चिरंजीवांच्या यादीतले अमरत्व यांची लोकांनी घातलेली सांगड आहे.

ही सांगड असीरगडावरच का बसली, याचे उत्तर बहुधा भूगोलात आहे. नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांमधली खिंड हा गड राखतो. उत्तरेकडून दख्खनेत उतरणाऱ्या अनेक फौजांना, तांड्यांना आणि यात्रेकरूंना त्याच्या सावलीतून जावे लागे. आसा अहीर नावाच्या गवळी राजाच्या नावावरून गडाचे नाव पडल्याची आख्यायिका आहे. पुढे फारुकी सुलतानांनी तो घेतला, जानेवारी १६०१ मध्ये तो अकबराच्या हाती आला, १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने तो पेशव्यांना दिला, मग शिंद्यांकडून १८१९ मध्ये इंग्रजांनी घेतला. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. वाटेवरच्या गावात अनेकांच्या गोष्टी एकमेकींत मिसळतात, त्याचा हा दगडी पुरावा. धनी बदलत राहिले आणि शापित ब्राह्मण तेवढा गडावर टिकला. ज्याला हाकलता येत नाही असा रहिवासी अशा गडाला शोभतोच.

कपाळाला फडके बांधलेला अनोळखी वाटसरू, हे या दंतकथेतले त्याचे सोंग. चेहरा कुणाचाही असू शकतो, ओळख पटते ती जखमेवरून. ग्रीक महाकाव्यात भिकाऱ्याच्या वेशात घरी परतलेल्या ओडिसियसला म्हातारी दाई मांडीवरच्या व्रणावरून ओळखते, पण तो व्रण त्याला त्याचे घर परत मिळवून देतो. अश्वत्थाम्याची जखम त्याला घरापासून तोडते. त्याचा खरा भाऊबंद युरोपातला ‘भटका यहुदी’ म्हणावा लागेल. क्रूस वाहणाऱ्या येशूला विसावू न दिल्याबद्दल जगाच्या अंतापर्यंत भटकणाऱ्या या माणसाची गोष्ट पसरवणारे जर्मन चोपडे १६०२ मध्ये छापले गेले, असीरगड पडल्यानंतर वर्षभराने. दोन्ही कथांत मरण न येणे हीच शिक्षा आहे. फरक असा की त्या यहुद्याला बहुतेक कथांत लवकर पश्चात्ताप होतो. अश्वत्थाम्याच्या पश्चात्तापाबद्दल व्यासांच्या ग्रंथात फारसे काही मिळत नाही.

ती रिकामी जागा साहित्यिकांनी आपापल्या परीने भरली. भासाच्या ‘ऊरुभंगा’त परिवर्तन होते ते दुर्योधनाचे. मरताना तो वैर सोडतो. सूडाची आण घेणारा अश्वत्थामा त्याचे ऐकत नाही आणि लहानग्या दुर्जयाला राज्याभिषेक करून रात्रीच्या कामगिरीवर निघतो. मराठीत दुर्गा भागवतांनी ‘व्यासपर्वा’त (१९६२) त्याचे चित्र रेखाटले. इरावती कर्व्यांनी ‘युगान्ता’त (१९६७) त्याला बापाबरोबरच उभे केले, द्रोण आणि अश्वत्थामा यांच्यावरच्या लेखाला ‘परधर्मो भयावहः’ हे शीर्षकच पुरते. कर्व्यांची दृष्टी कठोर आहे. आपले काम सोडून दुसऱ्याचे काम पत्करलेल्या या पितापुत्रांना त्या दयेची सूट देत नाहीत. अशोक समेळांच्या ‘मी अश्वत्थामा चिरंजीव’ या कादंबरीत तो स्वतःच बोलतो. आत्मकथनाचा हा साचा मराठी वाचकाला ‘मृत्युंजय’पासून सवयीचा झालेला आहे, आणि त्यात पात्राकडे झुकते माप जाणारच.

सर्वांत धाडसी उत्तर हिंदीत मिळाले. धर्मवीर भारतींचे ‘अंधा युग’ हे काव्यनाटक १९५० च्या दशकाच्या मध्यावर, फाळणीची जखम ताजी असताना आले. १९६२ मध्ये सत्यदेव दुबे यांनी ते मुंबईत रंगमंचावर आणले, पुढच्या वर्षी इब्राहिम अल्काझी यांनी दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत. त्यातला अश्वत्थामा युधिष्ठिराच्या अर्धसत्याने आतून मोडलेला आहे. मारणे हा त्याचा निर्णय उरत नाही, मनाला पडलेली गाठ होते. वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्या याचकालाही तो संपवतो. शेवटी व्याधाचा बाण लागून कृष्ण मरताना तो पाहतो, आधी त्याला समाधान वाटते आणि मग आपली वेदना शमल्याचे जाणवते. शाप देणाऱ्यानेच ती सोसली होती. महाभारतात नसलेला हा क्षण भारतींनी निर्माण केला. पश्चात्तापाचे भाषण न घालता परिवर्तन दाखवता येते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

नाग अश्विन यांच्या ‘कल्की २८९८ एडी’ (२०२४) या चित्रपटात अमिताभ बच्चन अश्वत्थामा झाले. पट्ट्यांनी झाकलेला चेहरा, हजारो वर्षांचा एकांतवास, आणि काम एकच: जन्माला यायच्या मुलाचे रक्षण. ज्याने गर्भावर अस्त्र सोडले त्यानेच गर्भ राखायचा, ही फेड हिशेबाला फार चोख आहे; तिच्यात भारतींची गुंतागुंत नाही. पण शहरोशहरीच्या तरुण प्रेक्षकांपर्यंत हे पात्र त्यानेच नेले.

सातपुड्याला यातले काहीच लागले नाही. नर्मदा परिक्रमेच्या मराठी वर्तुळात वाटेवरच्या शूलपाणीच्या झाडीतला अश्वत्थामा परिचयाचा आहे. परिक्रमेत वाट चुकलेल्या वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींना (१८५४–१९१४) त्याने अनोळखी वनवासी माणसाच्या रूपात रस्ता दाखवला आणि विचारल्यावर नाव सांगितले, असे परंपरेत सांगतात. ज्याच्याशी कुणी बोलू नये असा शाप, तो इथे स्वतः पुढे होऊन बोलतो. असीरगडच्या पश्चिमेला, नंदुरबार जिल्ह्यात, १,३२५ मीटर उंचीचे अस्तंबा शिखर आहे. तिथे तो अस्तंबा ऋषी आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी यात्रेकरू टोळ्याटोळ्यांनी ही अवघड चढण चढतात. तेल मागणाऱ्या जखमी भटक्याची गोष्ट याही डोंगरात सांगतात. मात्र असीरगडावर त्याला पाहणाऱ्याला वेड लागेल म्हणून लोक टाळतात, आणि अस्तंब्याला त्याच्याच दर्शनासाठी रात्रीचा डोंगर चढतात.