ओवा
ओवा (शास्त्रीय नाव: ट्रॅकिस्पर्मम अम्मी, कुल: एपिएसी) ही स्वयंपाकात आणि घरगुती औषधांत वापरली जाणारी वर्षायू वनस्पती आहे. कोथिंबीर, जिरे, बडीशेप व गाजर या वनस्पती याच कुलातील होत. ओव्याला संस्कृतमध्ये यवानी किंवा दीप्यक, हिंदीत अजवाइन व गुजरातीत अजमो म्हणतात. ज्याला ओव्याचे बी म्हटले जाते, ते वास्तविक या वनस्पतीचे वाळलेले फळ असते.

वर्णन व लागवड
झाड साधारणतः ६० ते ९० सेंमी. उंच वाढते. पाने बारीक विभागलेली असून लहान पांढरी फुले छत्रीसारख्या फुलोऱ्यात येतात. फळे सुमारे २ मिमी. लांब, करडी-तपकिरी व उभ्या कंगोऱ्यांची असतात. भारतात हे मुख्यतः रब्बी पीक असून राजस्थान व गुजरात ही प्रमुख उत्पादक राज्ये आहेत.

रासायनिक घटक
फळांत साधारण २ ते ४ टक्के बाष्पनशील तेल असते. थायमॉल हा त्याचा मुख्य घटक असून ओव्याचा तिखट वास व चव त्यामुळेच येते. तेलापासून वेगळे काढलेले स्फटिकरूप थायमॉल बाजारात ‘ओव्याचे फूल’ म्हणून मिळते. पहिल्या महायुद्धापूर्वी थायमॉल तयार करण्यासाठी भारतातून जर्मनीला ओवा निर्यात होत असे.

पारंपरिक उपयोग
आयुर्वेदात ओवा कटू-तिक्त रसाचा, उष्ण वीर्याचा, दीपन, पाचन, शूलघ्न व कृमिघ्न मानला आहे. महाराष्ट्रात पोटदुखी, अपचन व पोटफुगीवर ओवा व मीठ चावून वर कोमट पाणी पितात. सर्दीत भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगतात. बाळंतिणीला जेवणानंतर ओवा व बाळंतशेपा देतात, तसेच ओव्याची धुरी घेण्याचीही प्रथा आहे. गवारीची भाजी, भजी, पुऱ्या व चकली यांत ओवा घालण्यामागे चवीबरोबरच ‘वातूळ’ पदार्थ पचावेत हाही हेतू असतो. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल व कापूर एकत्र करून ‘अमृतधारा’ हे द्रवरूप औषध बनवतात.

आधुनिक संशोधन
थायमॉलचा जंतुनाशक गुण सिद्ध झालेला असून मुखप्रक्षालनाच्या द्रवांत त्याचा उपयोग होतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अंकुशकृमींवर थायमॉल दिले जाई. पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्याने ते मागे पडले. ओव्याच्या फळांचे जंतुरोधक परिणाम प्रयोगशाळेत दिसले असले, तरी माणसांवरील चाचण्या थोड्या व लहान प्रमाणावरील आहेत. त्यामुळे ओवा हा वैद्यकीय उपचारांना पर्याय ठरत नाही.

दक्षता
नावातील साम्यामुळे ओव्याविषयी घोटाळा होऊ शकतो. ‘खुरासनी ओवा’ (हायोसायमस नायजर) ही धोतऱ्याच्या कुलातील विषारी वनस्पती आहे. तिच्यातील अल्कलॉइडांमुळे भ्रम, हृदयाची धडधड व बेशुद्धी येऊ शकते. ‘किरमाणी ओवा’ ही आर्टेमिसिया प्रजातीतील, तर भजीसाठी कुंडीत लावला जाणारा मांसल पानांचा ‘पानओवा’ तुळशीच्या कुलातील वनस्पती आहे.

स्वयंपाकातील प्रमाणात ओवा सामान्यतः निर्धोक समजला जातो. जास्त प्रमाणात घेतल्यास छातीत जळजळ होऊ शकते. गर्भवतींनी तो औषधी मात्रेत वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. ओव्याचे फूल हे अतिशय तीव्र असल्याने ते ओव्याऐवजी त्याच मापाने वापरणे धोक्याचे असते. गरम पुरचुंडीने तान्ह्या बाळाची त्वचा भाजू शकते आणि बंद खोलीतील निखाऱ्यांच्या धुरीमुळे बाळ व बाळंतीण दोघांच्याही श्वसनास अपाय होतो.