संघाचे धनी आणि खेळाचे धनी

सोलापूरच्या नवी पेठेत संध्याकाळी दुकानांचे दिवे लागले आणि गिऱ्हाइकांची वर्दळ थोडी ओसरली, की क्रिकेटचा एखादा वाद हटकून कानी पडतो. २०२३ साली महाराष्ट्रात सहा संघांची नवी प्रीमियर लीग सुरू झाली आणि त्या सहांत ‘सोलापूर रॉयल्स’ या नावाचा एक संघ उतरला. सामने झाले पुण्याजवळ गहुंजे येथे; नाव मात्र सोलापूरचे. तेव्हापासून या वादाला घरचा रंग चढला. एक पक्ष म्हणतो, ‘ज्याने पैसा ओतला, तो म्हणेल ती पूर्वदिशा. खेळाडू निवडणे, कर्णधार नेमणे हा त्याचाच अधिकार.’ दुसरा पक्ष उत्तरतो, ‘धनी स्वतः बॅट धरून उभा राहतो काय? धावा ज्याच्या मनगटातून निघतात, संघ त्याचा.’

मराठी भाषेत ‘धनी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. जो वित्ताचा स्वामी, तो धनी. त्याचप्रमाणे गुणाचा धनी, गळ्याचा धनी असेही आपण म्हणतो. क्रिकेटच्या आपल्याकडील इतिहासात हे दोन धनी पहिल्यापासून समोरासमोर उभे आहेत. लिलावाची पद्धत नवी असली, तरी कलह जुना आहे; आणि त्याचा आरंभ पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या पुण्यात गेले पाहिजे.

त्या काळी पुण्यात युरोपियनांच्या क्लबाचे मैदान होते. तेथे पालवणकर बाळू नावाचा एक तरुण महिना चार रुपयांवर नोकरीस होता. खेळपट्टी तयार करणे, जाळ्या लावणे आणि साहेब लोकांना सराव हवा असेल तेव्हा त्यांना गोलंदाजी करणे, ही त्याची कामे. बाळू डाव्या हाताने संथ गोलंदाजी करीत. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करी. गोलंदाजी त्यांनी साहेबांना पाहिजे तेवढी टाकावी; फलंदाजी हा मात्र साहेबांचा मान. पुण्यातील हिंदू क्लबाला जेव्हा युरोपियनांना हरवण्याची आकांक्षा झाली, तेव्हा त्यांची दृष्टी बाळूंकडे वळली. अडचण एकच होती. बाळू अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले होते. अखेर त्यांना संघात घेतले. मैदानावर तोच चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरे. परंतु चहाच्या वेळी बाळूंचा चहा तंबूबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यातून येई. त्यांच्या हातचा बळी चाले, पण त्यांच्याबरोबर पंगत चालत नसे.

पुढे बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याच्या वतीने खेळू लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम या दोघांचाही वाटा होता. १९११ साली हिंदुस्थानचा पहिला प्रातिनिधिक संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. महाराजांनी मोजकेच सामने खेळले. तो राज्यारोहणाचा उन्हाळा होता आणि त्यांना मेजवान्यांची आमंत्रणे पुष्कळ होती. संघाने सामने फारसे जिंकले नाहीत. परंतु बाळूंनी त्या एका दौऱ्यात ११४ गडी बाद केले. ज्या देशातल्या साहेबांना सराव देण्याची चाकरी त्यांनी केली होती, त्याच देशात जाऊन त्यांनी आपल्या गुणाची पावती मिळवली.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी मिळाले नाही. येथे संघाचा धनी कोणी राजा नव्हता. जिमखान्याची निवड समिती हीच धनी होती. तिच्यापाशी संपत्तीचा माज नसेल, पण जातीचा अडसर होता. १९२० साली बाळूंच्या बाबतीत झालेल्या अन्यायाच्या निषेधार्थ शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले. वृत्तपत्रांतून चर्चा झाली, लोकमत हलले आणि बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला जे नाकारले गेले, ते धाकट्याने मिळवले. संघ कोणाच्या मालकीचा, या प्रश्नाला खेळाडूंनी स्वतः दिलेले हे आपल्या इतिहासातील बहुधा पहिले ठसठशीत उत्तर होय.

यानंतरचा काळ राजेरजवाड्यांचा. १९३२ साली हिंदुस्थानचा संघ पहिल्या कसोटी सामन्यासाठी इंग्लंडला गेला, तेव्हा कर्णधार पोरबंदरचे महाराज नटवरसिंहजी होते आणि उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र घनश्यामसिंहजी. लॉर्ड्‌सच्या मैदानावर २५ जूनला सामना सुरू व्हायचा होता. महाराजांची फलंदाजी बेताची होती आणि ती गोष्ट खुद्द महाराजांना ठाऊक होती. त्यांनी बाजूला होऊन नेतृत्व सी. के. नायडू यांच्या हाती सोपवले. नायडू हे नागपूरचे. १९२६ साली मुंबईत एम. सी. सी. संघाविरुद्ध ११ षट्कारांसह १५३ धावा काढून त्यांनी साऱ्या देशाचे लक्ष वेधले होते. मानाची खुर्ची आपली आणि रणांगण दुसऱ्याचे, हा भेद ओळखणारा धनी विरळा. पोरबंदरच्या महाराजांच्या धावा आज कोणी मोजत नाही. परंतु त्या दिवशीचा त्यांचा निर्णय क्रिकेटच्या इतिहासात आदराने नोंदला गेला आहे.

चारच वर्षांनी याच्या नेमका उलट प्रकार घडला. १९३६ च्या दौऱ्याचे कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांनी मिळवले आणि तीनही कसोटी सामन्यांत ते स्वतः नेतृत्व करीत राहिले. त्या तीन सामन्यांत मिळून त्यांच्या धावा ३३ झाल्या. लाला अमरनाथ हा त्या वेळचा संघातील सर्वांत भरात असलेला खेळाडू. १९३३ साली मुंबईत हिंदुस्थानच्या वतीने पहिले कसोटी शतक त्यानेच झळकवले होते. फलंदाजीस जाण्याचा क्रम पुन्हा पुन्हा बदलल्यामुळे अमरनाथचा संताप झाला, शब्दाने शब्द वाढला आणि शिस्तभंगाचा ठपका ठेवून त्याला पहिल्या कसोटीपूर्वीच बोटीने घरी धाडण्यात आले. कर्णधाराला मात्र त्याच दौऱ्यात ‘सर’ ही पदवी मिळाली. पुढे मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश ब्युमाँट यांच्या समितीने या प्रकरणाची चौकशी केली. तिने अमरनाथला निर्दोष ठरवले आणि महाराजकुमारांच्या नेतृत्वावर ताशेरे ओढले. न्याय झाला, पण गेलेला हंगाम परत आला नाही. खेळाडूचे ऐन उमेदीचे दिवस मोजके असतात. धन्याच्या लहरीत गेलेला दिवस कोणतीही समिती भरून देऊ शकत नाही.

तथापि एवढ्यावरून साऱ्या राजेलोकांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. क्रिकेटवर पोट भरेल अशी सोय त्या काळी नव्हती. इंदूरच्या होळकरांनी १९२३ साली नायडूंना आपल्याकडे बोलावून लष्करात हुद्दा दिला आणि त्यांच्या उदरनिर्वाहाची काळजी मिटवली. पुढे त्यांच्याभोवती मुश्ताक अली, चंदू सरवटे, सी. एस. नायडू यांच्यासारखे खेळाडू जमले आणि होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांची कथाही अशीच आहे. सोलापूरकरांच्या शेजारच्या जत संस्थानने ऑस्ट्रेलियाचा प्रख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याला शिक्षक म्हणून आणवले आणि त्याच्या नजरेखाली हजाऱ्यांचा खेळ घडला. दुष्काळी मुलखातल्या एका लहानशा संस्थानाने हे केले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

हजाऱ्यांनी १९३९-४० साली महाराष्ट्राकडून खेळताना पुण्यास बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. ज्याने मार दिला, त्यालाच घरी आणावे, असा शहाणा विचार बडोद्याने केला आणि लौकरच हजारे बडोदे संस्थानच्या सेवेत दाखल झाले. लिलावाची हातोडी तेव्हा नव्हती, इतकेच. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याची गाठ होळकरांशी पडली. हजारे २८८ आणि गुल महंमद ३१९ अशी त्या दोघांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. दोन मराठी संस्थानांच्या जुन्या ईर्ष्येतून असा खेळ उभा राहिला. कोणाचेही काही हिरावले गेले नाही. धन्यांची चढाओढ गुणाला पोसते, तेव्हा तिचा राग येत नाही.

पण धन्याची खरी पारख तो काय देतो एवढ्याने होत नाही. दुसऱ्याचा गुण आपल्या डोळ्यांदेखत आपल्याहून मोठा होऊ लागला, म्हणजे तो कसा वागतो, यावर ती होते. अशी कसोटीची घटका १९४८ च्या डिसेंबरात पुण्यास आली. महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा रणजी सामना चालू होता. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला होता. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले आणि खेळतच राहिले. कमल भांडारकरांसह दुसऱ्या गड्यासाठी त्यांनी ४५५ धावांची भर घातली. निंबाळकर नाबाद ४४३ वर पोचले. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम आता अवघ्या नऊ धावांवर होता. उपाहाराची वेळ झाली. संघ आत गेले.

उपाहारानंतर सामना पुढे सुरू झालाच नाही. काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जावा, हे त्यांना रुचले नाही. महाराष्ट्राने ८२६ धावांवर डाव सोडावा, नाहीतर आम्ही निघतो, असा त्यांचा हट्ट पडला. आणि खरोखरच काठेवाडचा संघ सामना टाकून निघून गेला. दोन-तीन षटके पुरली असती. ती मिळाली नाहीत. निंबाळकरांना पुढे एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. २०१२ च्या डिसेंबरात कोल्हापूर येथे त्यांचे देहावसान झाले, तेव्हाही त्यांच्या नावापुढे ४४३ हाच आकडा होता आणि त्या आकड्यापुढे कधीच न पडलेले एक मोकळे चिन्ह होते.

या कथेला आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्राच्या ज्या संघातून निंबाळकर खेळले, त्या संघाला कोणी राजा नव्हता. तो पुण्याच्या प्राध्यापक दि. ब. देवधरांनी घडवला होता. देवधर संस्कृत शिकवीत आणि मैदानावर तरुणांना धावांचे व्याकरण शिकवीत. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. त्यांच्या शब्दाला खेळाडू मान देत. कारण ते जे सांगत, ते स्वतः करून दाखवीत. पैशावाचून संघ चालत नाही हे खरे. परंतु संघाला एकजीव करणारी वस्तू पैशाने मिळत नाही, याचा हा उत्तम दाखला आहे.

संस्थाने विलीन झाली आणि त्यांचे संघही इतिहासजमा झाले. साठ वर्षांनी, २००८ साली, धनी पुन्हा आले. या खेपेस उद्योगपती आणि चित्रपट-तारे यांच्या रूपाने. मुंबईचा संघ ११ कोटी १९ लक्ष डॉलरला विकला गेला आणि फेब्रुवारीतील पहिल्या लिलावात महेंद्रसिंह धोनी यांच्यावर १५ लक्ष डॉलरची बोली लागली. माणसांचा लिलाव कसला, म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. परंतु न्यायाने पाहिले, तर या व्यवस्थेत एक मोठा फरक आहे. बाळूंचे मोल महिना चार रुपये ठरले, तेव्हा त्यांना कोणी विचारले नव्हते. आजच्या खेळाडूपाशी लेखी करार असतो, मुदत असते, आणि मुदत संपल्यावर दुसऱ्या दारी जाण्याची मोकळीक असते. खेड्यापाड्यांतल्या मुलालाही गुणाच्या बळावर घर बांधता येते. ही सुधारणा नाकारण्यात अर्थ नाही. धोका निराळा आहे: पैसा दिला म्हणजे गुणही आपला झाला, असे धन्याला वाटू लागण्याचा. तो धोका १९३६ साली होता, १९४८ साली होता आणि आजही आहे.

नवी पेठेतल्या वादाकडे परत वळताना एका नावाची आठवण ठेवणे योग्य होईल. कसोटी सामन्यात भारताच्या वतीने पहिले द्विशतक झळकवणारे पॉली उम्रीगर यांचे बालपण सोलापुरात गेले. १९५५ साली हैदराबाद येथे त्यांनी न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढल्या. ते लहान होते तेव्हा सोलापूरच्या नावाचा संघ कोणी विकत घेतलेला नव्हता. होते ते इथले मोकळे मैदान आणि खेळू देणारी माणसे.

संघाला धनी लाभणे, ही आनंदाचीच गोष्ट. त्याने मैदाने राखावीत, शिक्षक आणावेत, खेळाडूची भाकरी निश्चिंत करावी. त्याचे नाव आदराने घेतले जाईल. मात्र एखाद्या दुपारी एखादा पोरगा नऊ धावांसाठी उपाहारानंतर पुन्हा मैदानात उतरू पाहील, तेव्हा धन्याने वाट अडवू नये. रसिकांचे त्याच्याकडे मागणे आहे ते एवढेच.