‘अ’च्या बाराखडीची कुळकथा

‘किर्लोस्कर’ किंवा ‘स्त्री’ मासिकाचा जुना अंक रद्दीत हाती लागला, तर पहिल्याच पानावर डोळा अडखळतो. ‘अितके’, ‘अुद्योग’, ‘अेक’. ही मुद्रितशोधकाची डुलकी नव्हे, हे ठरवून केलेले काम आहे.

देवनागरी खिळे जुळवणाऱ्यापुढे शेकड्यांनी खणांची पेटी असे. नेहमीचे खिळे हाताशी, क्वचित लागणारी जोडाक्षरे कोपऱ्यात. हात लांबवावा लागे, पण अक्षर मिळे. टंकलेखन यंत्राने ती सोय काढून घेतली. चाळीस-पंचेचाळीस कळा, एकेकीवर दोन चिन्हे, आणि त्यात सगळी लिपी बसवायची. यंत्रावर कळ नाही, तर अक्षरच नाही.

मग कात्री स्वरांवर आली. आ, ओ, औ आपण ‘अ’लाच काना-मात्रा लावून लिहितो; मग इ, उ, ए यांना वेगळे घर कशाला? युक्तिवाद बिनतोड होता. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिपिशुद्धीची मोहीम चालवली आणि तिला छापील पाने मिळाली किर्लोस्करवाडीत. हे गाव आज सांगली जिल्ह्यात, तेव्हा औंध संस्थानात. लोखंडी नांगरांच्या या कारखान्याच्या गावातून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. १९३०मध्ये ‘स्त्री’ आले, पुढे ‘मनोहर’.

गंमत अशी, की या बाराखडीचे दुसरे मोठे वकील काका कालेलकर. जन्म साताऱ्याचा, १८८५चा, आणि गोट गांधीजींचा. अहमदाबादच्या नवजीवनच्या हिंदी पुस्तकांतही ‘अुन्होंने’ छापलेले दिसते. एरवी ज्यांचे एका वाक्यावर जमले नसते, ते ‘अ’पाशी एकत्र आले!

हिशेब मात्र मला कधीच पटला नाही. ई म्हणजे इ-वर रफार, ऐ म्हणजे ए-वर मात्रा. यंत्रावर ते तसेच उठवता येतात. म्हणजे सुटल्या जेमतेम तीन-चार कळा. खरी गर्दी द्य, द्ध, त्र, क्ष, ज्ञ यांची, आणि स्वरांच्या या डागडुजीने तिला धक्काही लागला नाही. तेवढ्यासाठी वाचकाला ओळीओळीला ठेचकाळायला लावणे महागात पडले. शाळांत ‘इ’ इमारतीचाच राहिला आणि मासिकांतूनही ही अक्षरे हळूहळू गेली.

एक वारस तेवढा टिकला. इंग्रजी शब्दांतला ‘ॲ’ मराठीत ‘अ’वर चंद्र देऊन लिहितात, म्हणजे नियम त्याच बाराखडीचा. युनिकोडने २००८ साली, ५.१ आवृत्तीत, त्याला स्वतंत्र जागा दिली आणि ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयाने तो ‘ऑ’सह मराठी वर्णमालेत अधिकृतपणे दाखल झाला.